रात्रीची तोफ, जागल्या आणि 'संशयास्पद व्यक्ती'

दसरा झाला की दोन गोष्टी हमखास होतात. ऑफिसात सुट्ट्यांचं एक्सेल फिरायला लागतं, आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ते नेहमीचं पत्रक लागतं. बाहेरगावी जाताना दागिने, रोकड घरात ठेवू नये. शेजाऱ्यांना कळवून जावे. संशयास्पद व्यक्ती दिसल्यास पोलिसांना कळवावे.

यातल्या पहिल्या दोन सूचना कुणालाही पटतील. तिसरीवर मात्र मी दर वर्षी अडखळतो. संशयास्पद व्यक्ती म्हणजे नेमकी कोण? पत्रक सांगत नाही. आम्हा प्रोग्रामर लोकांना अशा व्याख्या न केलेल्या अटीची फार भीती वाटते. कारण व्याख्या दिली नाही की वापरणारा आपल्या मनातली व्याख्या घालतो, आणि मग प्रॉडक्शनमध्ये काय होईल ते सांगता येत नाही.

तर या प्रश्नाच्या मागे लागून गेले काही वीकेंड थोडं वाचन केलं. पुण्यात आणि आसपासच्या मुलखात, विशेषतः सणासुदीला, घरं आणि गल्ल्या राखायचं कोण? त्यांना पैसे कोण द्यायचं? आणि चोरी झालीच तर भरपाई कुणाकडून? शाळेच्या इतिहासात लढाया आणि तह भरपूर होते, पण रात्रीच्या पहाऱ्याबद्दल एक ओळ नव्हती. खरं तर तो विषय आपल्या जास्त जवळचा आहे. पानिपतावर आपल्यापैकी कुणी जाणार नाही, पण कुलूप लावून गावी तर सगळेच जातात.

सुरुवात पेशव्यांच्या पुण्यापासून करू.

विल्यम टोन नावाचा एक आयरिश माणूस १७९० च्या दशकात पेशव्यांच्या नोकरीत होता. त्याने पुण्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचून गंमत वाटते. त्याच्या मते या शहरात नाव घेण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे इथला पोलिस बंदोबस्त. त्यावर हजारभर माणसं होती. रात्री दहाला तोफ व्हायची. त्यानंतर जो कुणी रस्त्यावर सापडेल त्याला गस्तवाले धरायचे आणि सकाळी कोतवाल सोडेपर्यंत तो अडकून पडायचा. खुद्द बाजीराव पेशव्यांनाही अवेळी बाहेर फिरताना पकडून रात्रभर बसवून ठेवलं होतं, असंही तो सांगतो. खरं-खोटं तो जाणे. पण अशी गोष्ट लोक सांगत होते यावरूनच गस्तीचा दरारा कळतो.

कोतवालाचं काम फक्त चोर पकडणं नव्हतं. शहरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवायची, वजनं-मापं तपासायची, बाजारभावांवर लक्ष ठेवायचं, शेजाऱ्यांची भांडणं मिटवायची, हे सगळं त्याच्याकडे. म्हणजे आजच्या सोसायटीच्या गेटवरचं ॲप, महापालिकेचा इन्स्पेक्टर आणि पोलिस चौकी असं तिन्ही एकाच माणसात. वाड्यांची स्वतःची व्यवस्था वेगळी. मोठा दरवाजा बंद, आतून अडसर, माणसाने वाकूनच आत यावं असा छोटा दिंडी दरवाजा, आणि देवडीवर पहारेकरी. वाकून आत येणाऱ्याचं डोकं आधी आत येतं आणि तलवार नंतर. आपल्याकडे ज्याला ॲक्सेस कंट्रोल म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आता एवढी कडक व्यवस्था सणासुदीच्या गर्दीत कशी चालत असेल? त्या काळी पुण्यातला सर्वांत गर्दीचा हंगाम दिवाळीचा नव्हता, श्रावण-भाद्रपदाचा होता. श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे आणि त्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून हजारो माणसं पुण्यात यायची. पाठोपाठ शनिवारवाड्यात गणेशोत्सव. शहर अनोळखी चेहऱ्यांनी भरलेलं, भाषा वेगळ्या, वेष वेगळे. कोतवालाच्या दृष्टीने बघितलं तर रस्त्यावरचा दर दुसरा माणूस 'संशयास्पद'!

आणि इथेच ती १७९१ ची घटना येते.

घाशीराम सावळदास हा औरंगाबादकडून आलेला उत्तर हिंदुस्तानी ब्राह्मण. १७७७ पासून तो पुण्याचा कोतवाल होता आणि नाना फडणवीसांचा त्याच्यावर भरवसा होता. तेंडुलकरांचं १९७२ चं नाटक आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय किंवा निदान त्याबद्दल ऐकलंय, पण ते नाटक आहे, इतिहास म्हणून ते लिहिलेलं नाही. मुळात झालं ते असं. ऑगस्टचे शेवटचे दिवस. श्रावण संपत आलेला, गणेश चतुर्थी तोंडावर. दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण परत निघाले होते. त्यांचा मुक्काम घाशीरामाच्या बागेजवळ पडला. बागेतलं काहीतरी तोडल्यावरून रखवालदारांशी बाचाबाची झाली. कोतवालाच्या माणसांनी त्यांना चोर ठरवून पकडलं आणि एका कोंदट, अपुऱ्या जागेत रात्रभर कोंडलं. मानाजी फाकडे या सरदाराने कुलूप तोडून दार उघडलं तेव्हा वीसहून अधिक माणसं गुदमरून मेली होती.

मग शहर उसळलं. जमाव न्याय मागायला नानांच्या दारात गेला. घाशीरामाची धिंड निघाली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

या प्रकरणात अनेक पदर आहेत. तेलंगी ब्राह्मण मेले म्हणून एवढा गदारोळ झाला, दुसरं कुणी मेलं असतं तर झाला असता का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण माझ्या मनात एक साधी गोष्ट रुतून बसली. चौदा वर्षं तो माणूस शहराची 'सुरक्षा' सांभाळत होता. रोजच्या गस्तीत किती जण असे अडकले असतील, आणि त्यांनी दाद कुणाकडे मागितली असेल? कोतवालाच्या वर थेट नाना, आणि नानांपर्यंत पोचणार कोण? वीस माणसं एका रात्रीत मेली तेव्हाच ही व्यवस्था कुणाला तरी उत्तर द्यायला लागली, आणि तेही दगडांच्या भाषेत.

आता शहराच्या वेशीबाहेर जाऊ. खेड्यात ना तोफ होती, ना कोतवाल. तिथे होता जागल्या. (किती सुंदर शब्द आहे! जागतो तो जागल्या.) हे काम कुठे रामोशी करत, कुठे भिल्ल, कुठे महार. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाबद्दल एक सविस्तर अहवाल लिहिला. त्यात या जागल्याच्या कामाचं वर्णन आहे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं-गेलं ते बघायचं, प्रत्येकाचा स्वभाव-चालचलणूक ठाऊक ठेवायची. आणि चोरी झाली तर चोर शोधून काढायचा. नाही सापडला तर पावलांचे ठसे धरून माग काढायचा.

'माग काढणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण त्यामागे अख्खी यंत्रणा होती. जागल्याने चोराचा माग आपल्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला आणि तो पुढच्या गावात शिरलाय हे सिद्ध केलं, की जबाबदारी पुढच्या गावाची. त्या गावच्या जागल्याने तो पुढे न्यायचा. जिथे माग संपला तिथल्या गावाने चोर हजर करायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचं. निदान पद्धत तशी होती. सपोर्टमध्ये काम केलेल्या मंडळींना हे लगेच कळेल. टिकेट दुसऱ्या टीमवर ढकलायचं तर आधी लॉग दाखवायचे, की बाबांनो, प्रॉब्लेम आमच्या हद्दीत नाही. लॉग नसतील तर टिकेट तुमचंच! :)

मला यात आवडली ती भरपाईची अट. पहारा देणं म्हणजे नुसतं गेटवर बसणं नव्हतं, चोरी झाली तर पदरचं जाणार होतं. त्या बदल्यात जागल्याला गावाकडून धान्याचा वाटा मिळायचा, हक्क मिळायचे. व्यवस्था आदर्श मुळीच नव्हती. काम जातीने ठरायचं, ज्याने रात्रभर गाव राखलं त्याला दिवसा गावाच्या कडेला राहावं लागायचं, आणि हे सगळं आपण विसरता कामा नये. पण त्यात एक व्यवहार होता. गाव त्याला ओळखायचं, तो गावाला ओळखायचा, आणि दोघांवर काहीतरी बंधन होतं.

शहरातही रामोश्यांचा पहारा असायचा. पुढे इंग्रजांनी पुण्यात कॅम्प वसवला तेव्हा तिथल्या साहेब लोकांनी बंगल्यांच्या राखणीला रामोशीच ठेवले. त्यात अलिखित समजूत अशी की ज्या बंगल्याला रामोशी आहे तिथे चोरी होत नाही. साहेब लोक याला खंडणी म्हणायचे, आणि तरी महिन्याच्या महिन्याला पगार द्यायचे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, ही म्हण आपलीच आहे, त्यामुळे एकट्या साहेबाला दोष देऊन चालणार नाही. ज्याच्या हाती घर सोपवायचं त्याच्याचकडे संशयाने बघायचं, ही सवय जुनी आहे.

१८१८ नंतर मात्र हा व्यवहारच मोडला. पेशवाई गेली, किल्ल्यांचं लष्करी महत्त्व संपलं, आणि किल्ले व गावं राखण्याबद्दल रामोश्यांना मिळणारे हक्क कमी होत गेले. राखणदारच बेकार झाले. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक यांनी याच काळात बंड पुकारलं. इंग्रजांनी त्यांना एकदा माफी देऊन कामावरही ठेवून बघितलं, पण ते टिकलं नाही. शेवटी पकडून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली. ज्या कॅप्टन मॅकिंटॉशने त्यांच्यावरची मोहीम चालवली, त्यानेच १८३३ मध्ये रामोश्यांवर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. ज्यांची नोकरी गेली त्यांचा आता 'अभ्यास' सुरू झाला होता.

त्या अभ्यासाचं पुढे काय झालं ते सगळ्यात वाईट. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्तानापुरता होता, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. कायदा काय सांगत होता? काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत. त्यातल्या माणसाने गुन्हा केलाय की नाही हा प्रश्नच नाही. त्याचं नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे सरकारकडे. पोलिसांकडे हजेरी. परगावी जायचं तर परवाना. काहींना तर कुटुंबासकट तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट त्यातली एक मोठी.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. एखाद्या सिस्टीमने प्रत्येक लॉगिनवर एका विशिष्ट आडनावाच्या माणसाला ब्लॉक केलं, तर आपण त्याला बग म्हणू आणि रात्री जागून तो काढू. इथे एका सरकारने तोच बग विचारपूर्वक लिहिला आणि पुढे काही दशकं चालवला. म्हणजे 'संशयास्पद व्यक्ती'ची व्याख्या एकदा झाली होती तर! व्यक्ती काय करते यावरून नाही, कुणाच्या पोटी जन्मली यावरून.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज चौदा नावं आहेत आणि त्यात रामोशी आहेत. ज्यांचं काम राखणीचं होतं, ते! कायदा गेला तरी शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांनी या सुट्टीत जरूर वाचा, एखाद्या घरात काहीही नसताना पोलिसांची झडती म्हणजे काय असते ते कळेल. आणि हे जुनं झालं म्हणावं, तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवरची कलमं घटनाबाह्य ठरवावी लागली. विमुक्त जातींच्या माणसांना 'सवयीचे गुन्हेगार' समजण्याची पद्धत त्यातलीच एक. कायदा जाऊन तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती.

आता जरा आपल्या ओळखीच्या पुण्यात येऊ.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. ३१ ऑक्टोबरला, दिवाळी होऊन जेमतेम आठवडा लोटलेला असताना, जोशींच्या घरी तिघांना मारलं. १ डिसेंबरला भांडारकर रोडवरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात एकाच रात्री पाच जण. कारण चोरी. शहर इतकं हादरलं की संध्याकाळनंतर रस्ते ओस पडायचे. त्या काळात पुण्यात असलेल्या कुठल्याही काका-मामांना विचारा, दार कसं साखळी लावून उघडायचे ते सांगतील. 'कोण आहे?' विचारल्याशिवाय कडी काढायची नाही हा नियम अनेक घरांत तेव्हाच आला.

लक्षात घ्या, हा आणीबाणीचा काळ होता. सरकारच्या हातात हवे तेवढे अधिकार होते, नुसत्या संशयावरून माणसं आत टाकता येत होती. आणि शेवटी गुन्हेगार निघाले कोण? कुठलीही 'गुन्हेगार जमात' नाही. कुठला भटका फकीर नाही. शहरातल्याच कला महाविद्यालयात शिकणारे चार तरुण. त्यांनी पहिला बळी घेतला तो स्वतःच्या सहाध्यायाचा. असा मुलगा गल्लीत दिसला असता तर कुणी दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नसतं. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

शंभर वर्षं ज्या चेहऱ्यांवर शहराचा संशय खिळलेला होता, त्यांपैकी एकही चेहरा यात नव्हता. पण यातून आपण काय शिकलो? जाळ्या बसवायला. लॅचची कुलुपं, दाराचं भिंग, खिडक्यांचे गज... आणि मग सोसायट्या, कंपाउंड, गेट. मी लहान असताना आमच्या कॉलनीत गुरखा यायचा. रात्री दोनला त्याची शिट्टी आणि काठीचा आवाज. महिन्याला दारात येऊन पैसे न्यायचा. त्याचं खरं नाव कॉलनीत कुणालाच माहीत नव्हतं, सगळे 'बहादूर' म्हणायचे. नेपाळमधल्या त्याच्या घरी दिवाळीत काय असतं, हेही कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आता बहादूरची जागा एजन्सीने घेतली. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यात परवाना आला, गार्डची पोलिस पडताळणी आली, प्रशिक्षण आलं. कागदावर सगळं चांगलं आहे. प्रत्यक्षात आमच्या सोसायटीत गार्ड दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. बारा तासांची पाळी, ती वाढली की चोवीस तासांचीही होते. साडेतीनशे फ्लॅटची माणसं त्याने चेहऱ्याने ओळखावीत अशी आपली अपेक्षा, आणि त्यातल्या दहा जणांनाही त्याचं नाव ठाऊक नसतं. जागल्याकडून गाव भरपाई घ्यायचं, पण त्याला धान्यातला वाटाही द्यायचं. आपण यातलं काहीच ठेवलं नाही. शिल्लक राहिला तो फक्त संशय. घरफोडी झाली की पहिला प्रश्न काय असतो? "वॉचमन कोण होता? कामवाली कोण?"

आणि जेव्हा पहारा कुणाचाच नसतो आणि संशय सगळ्यांकडे असतो, तेव्हा काय होतं ते धुळे जिल्ह्यात दिसलं. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही गेले. ते पोट भरायला गावोगाव भिक्षा मागत फिरत होते.

१७९१ मध्ये एक खोली. २०१८ मध्ये एक खोली. दोन्ही वेळी आत कोंडलेली माणसं परगावची, बोली वेगळी, आणि बाहेरच्यांची खात्री की आपण गावाचं रक्षण करतोय. फरक इतकाच, की पुण्यात कुलूप लावायला कोतवाल लागला होता, राईनपाड्यात गावानेच ते काम केलं. मोबाईलवरचा एक मेसेज पुरला.

मग करायचं काय? चोऱ्या होतात हे खरंच आहे. ज्यांचं घर फुटलंय त्यांना विचारा. पैशापेक्षा जास्त त्रास होतो तो कुणीतरी आपल्या कपाटात हात घातला याचा, आणि पुढचे कित्येक महिने झोप लागत नाही याचा. ती भीती खोटी नाही. 'संशय घेऊ नका' एवढं सांगून मी मोकळा झालो तर ते पुस्तकी होईल.

एक उदाहरण मात्र मला धीर देतं, आणि तेही सणासुदीशीच जोडलेलं. भिवंडी. यंत्रमागांचं गाव, हिंदू-मुस्लिम मिश्र वस्ती. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे मोठी दंगल झाली. १९८४ मध्ये पुन्हा. सण आला की भिवंडीच्या पोटात गोळा यायचा. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. कल्पना अगदी साधी होती. प्रत्येक बीटच्या पोलिसाने आपल्या भागातल्या दोन्ही समाजांच्या साध्या माणसांना नियमित एकत्र बसवायचं. यंत्रमाग कामगार, दुकानदार, बायका. नेते नव्हे, तिथे राहणारी माणसं. विषय दंगलीचाच पाहिजे असं नाही. नळाचं भांडण, भाडेकरूचं भांडण, पोरांची मारामारी. दंगल नसताना भेटायचं, म्हणजे अफवा आल्यावर फोन कुणाला करायचा ते ठाऊक असतं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, सुमारे नऊशे माणसं मेली. मुंबईपासून हाकेच्या अंतरावरची, दंगलींसाठी बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. एकट्या कमिट्यांमुळेच हे झालं असं म्हणणं धाडसाचं होईल, पण त्यांच्याशिवाय ते झालं असतं असं मला वाटत नाही.

मला यात जागल्याची जुनी व्यवस्था दिसते, तिच्यातलं जातीचं ओझं काढून टाकलेली. ओळख आहे, जबाबदारी आहे, आणि संशय आलाच तर तो आधी तपासून बघायची जागा आहे. भिवंडीत अफवा आली की ती आधी शेजाऱ्याच्या कानावर जायची. राईनपाड्यात ती सरळ हातापर्यंत गेली.

तर मंडळी, या दिवाळीत गावी जाणार असाल तर दागिने लॉकरमध्ये ठेवाच. परत येईपर्यंत ट्रिपचे फोटो टाकू नका, चोरांकडेही स्मार्टफोन आहेत. दूध, पेपर बंद करून जा. किल्ली एका शेजाऱ्याकडे ठेवा, आणि त्यासाठी आधी त्याच्याशी बोला. वर्षभर लिफ्टमध्ये मोबाईलकडे बघत उभं राहायचं आणि दिवाळीत त्याने आपलं घर राखावं ही अपेक्षा, हे काही जमणारं गणित नाही. काही वावगं दिसलं तर ११२ ला फोन करा. पण फोनवर 'कोण' दिसलं हे सांगू नका, 'काय करताना' दिसलं ते सांगा. कुलूप तोडतोय, खिडकीवर चढतोय, तीन वेळा एकाच मजल्यावर येऊन बेल वाजवून गेलाय. हे सांगता येत नसेल, नुसते कपडे आणि चेहराच सांगता येत असेल, तर फोन खाली ठेवून जरा विचार करा. आणि कुणालाही, कितीही खात्री वाटली तरी, कुठल्याही खोलीत कोंडू नका.

आणि हो, फराळाचा एक डबा रात्रपाळीच्या गार्डसाठी काढून ठेवा. आपण गावी असू तेव्हा तो गेटवर असणार आहे. देताना त्याचं नाव विचारा, तुमचं आणि तुमच्या फ्लॅटचं सांगा, कधी जाणार-कधी येणार ते सांगा. माझ्या मते गेटवरच्या नव्या कॅमेऱ्याइतकाच त्याचाही उपयोग होईल, आणि खर्च फक्त चार चकल्या आणि दोन लाडू.

शुभ दीपावली. पुढचा लेख गावाहून आल्यावर.